थोड्या खतावर भागवणारी पिके

'कासलाथ' हे नाव महाराष्ट्रातल्या फारशा शेतकऱ्यांनी ऐकलेले नसेल. पूर्व भारत आणि बांगलादेशाच्या पट्ट्यात पावसाच्या पहिल्या सरींवर पेरून लवकर काढतात त्या औस भातांच्या कुळातला हा एक जुना देशी वाण. उंच वाढणारा, उत्पन्नाला बेताचा, हरितक्रांतीनंतरच्या वाणांपुढे मागे पडलेला. १९९० च्या दशकात जपानमध्ये काम करणाऱ्या माटियास विसुवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची गाठ 'निप्पोनबारे' या जपानच्या नावाजलेल्या भाताशी घातली, तीही स्फुरद जवळजवळ नसलेल्या जमिनीत. तिथे निप्पोनबारे खुरटला. त्याच्या आणि कासलाथच्या संकरातून निघालेल्या काही ओळी मात्र तगल्या, आणि त्या तगण्यामागे बाराव्या गुणसूत्रावरचा कासलाथकडून आलेला एक तुकडा असल्याचे दिसून आले. १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या तुकड्याला पुढे 'पप-१' म्हणू लागले.

तुकडा सापडला, तरी त्यातले नेमके कोणते जनुक काम करते ते कळायला आणखी चौदा वर्षे लागली. या उशिराचे एक कारण मला सगळ्या गोष्टीचा गाभा वाटते. २००५ साली भाताच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा तयार झाला. भारतातल्या प्रयोगशाळांचाही त्यात वाटा होता. पण तो आराखडा होता निप्पोनबारेचा, आणि हवे असलेले जनुक निप्पोनबारेत नव्हतेच. त्या जागचा सुमारे ९० हजार अक्षरांचा डीएनए त्याच्यात गायब होता. जगभरचे संशोधक ज्या भाताला प्रमाण मानून काम करत होते, त्याच भातात उपासमार सोसण्याचे जनुक नव्हते. कासलाथचा तो तुकडा स्वतंत्रपणे वाचावा लागला. शेवटी फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सिग्रिड हॉयर यांच्या नेतृत्वाखाली रिको गामुयाओ आणि इतरांनी ते जनुक हुडकले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते 'पीस्टॉल-१' या नावाने जाहीर झाले.

हे जनुक करते काय, तर रोप लहान असतानाच मुळांची वाढ जोरात सुरू करते. एवढेच. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नत्र पाण्याबरोबर जमिनीत हिंडते, स्फुरद हिंडत नाही. मातीच्या कणाला चिकटलेला फॉस्फेटचा रेणू फार तर काही मिलिमीटर सरकतो. म्हणून पाण्याने स्फुरद मुळाकडे येईल अशी वाट पाहून चालत नाही, मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. ज्या रोपाची मुळे आधी पसरली, त्याच्या वाट्याला जास्त माती आली. आयआर-६४ आणि निप्पोनबारे या वाणांत पीस्टॉल-१ जास्त प्रमाणात कार्यरत केले, तेव्हा स्फुरदाची टंचाई असलेल्या मातीत त्यांचे धान्य ६० टक्क्यांहून अधिक वाढले. स्फुरदच नव्हे, इतर अन्नद्रव्येही त्यांनी जास्त उचलली.

संशोधकांनी मग हे जनुक कोणकोणत्या भातांत आहे ते तपासले. चित्र स्पष्ट होते. उताराच्या, पावसावरच्या, हलक्या जमिनीतल्या भातांत ते बहुतेक ठिकाणी शाबूत होते. पाटाच्या पाण्यावर आणि भरपूर खतावर निवडलेल्या आधुनिक वाणांत ते बहुतांशी नव्हते. कोणी ते ठरवून काढून टाकले नव्हते. प्रयोगक्षेत्रावर खत मुबलक होते, त्यामुळे जनुक असलेले आणि नसलेले रोप सारखेच दिसत होते. पैदासकाराची नजर फुटवे, दाणे आणि बुटकेपणा यांवर होती. जे जनुक फक्त उपासातच उपयोगी पडते, ते भरल्या ताटावर कधीच नजरेत येणार नव्हते.

पिकांची खताची गरज कमी करण्याचे जे जनुकीय प्रयत्न जगभर चालले आहेत, त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी हाच अनुभव आहे. नवे काही घडवण्याआधी काय हरवले ते शोधावे लागते.

ही शोधाशोध गरजेची का, ते खताच्या हिशेबातून कळते. ओक्लाहोमातल्या रॉन आणि जॉन्सन या संशोधकांनी १९९९ साली जगातल्या धान्यपिकांचा ताळा मांडला, तेव्हा टाकलेल्या नत्रापैकी जेमतेम ३३ टक्के दाण्यांत पोचते असे निघाले. बाकीचे हवेत उडते, पाण्याबरोबर झिरपते किंवा जमिनीत अडकून राहते. झिरपलेले नायट्रेट विहिरीत आणि नदीत जाते. हवेत जाणाऱ्या भागात नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. भारतात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून अधिक युरिया लागतो. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण खऱ्या खर्चाचा मोठा भाग सरकार अनुदानातून भरते. युरिया करायला लागणारा नैसर्गिक वायू आपण मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. पालाश तर जवळजवळ सगळेच आयात होते. स्फुरदाची गोष्ट आणखी अवघड आहे. रॉक फॉस्फेटचे जगातले सुमारे दोन तृतीयांश ज्ञात साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच पट्ट्यात आहेत, आणि नत्र जसे कारखान्यात हवेतून ओढता येते तसे स्फुरद कुठूनच ओढता येत नाही.

शिवाय टाकलेले स्फुरद पिकाला मिळेलच असेही नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुना जास्त असतो, तिथे कॅल्शियम त्याला धरून बसते. कोकणच्या जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम तेच करतात. अनेक शेतांत वर्षानुवर्षे टाकलेले स्फुरद मातीत आहे, पण पिकाच्या उपयोगाचे नाही. अशा ठिकाणी डीएपीची आणखी एक गोणी टाकण्यापेक्षा मातीतले साठलेले स्फुरद शोधून काढणारे मूळ जास्त मोलाचे ठरते. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने पप-१ चा तुकडा सुधारित सांबा मसुरीत उतरवला आणि त्यातून 'डीआरआर धान ६०' हा वाण निघाला. या कामात कुठलेही परके जनुक घातलेले नाही. साधा संकर, पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी उलटा संकर, आणि प्रत्येक पिढीत डीएनएच्या खुणेवरून योग्य रोपाची निवड, एवढीच पद्धत. पूर्वेकडच्या एका दुर्लक्षित भातात ओळखला गेलेला गुण दक्षिणेतल्या लोकप्रिय भातात आला.

नत्राची गोष्ट हरितक्रांतीशी थेट जोडलेली आहे. जुने उंच गहू आणि भात नत्र दिले की माजायचे आणि वारा आला की लोळायचे. जपानच्या 'नोरिन-१०' गव्हातून आणि 'डी-जिओ-वू-जेन' या तैवानी भातातून बुटकेपणा आला, तेव्हा खत पचवून उभे राहणारे पीक मिळाले. १९६६ चा आयआर-८ भात आणि त्याच वर्षी मेक्सिकोहून आणलेले १८ हजार टन गव्हाचे बियाणे यांनी भारताची उपासमार टाळली. या कामाचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण बुटकेपणाची किंमतही होती, आणि ती कशी मोजली गेली हे कळायला अर्धे शतक गेले.

वनस्पतीत जिबरेलिन नावाचे वाढीचे संप्रेरक असते, आणि डेला नावाची प्रथिने गाडीच्या ब्रेकसारखी वाढ रोखून धरतात. जिबरेलिन आले की डेला नष्ट होते आणि रोप वाढते. बुटक्या गव्हात डेला जिबरेलिनला दाद देत नाही. बुटक्या भातात जिबरेलिनच कमी तयार होते. दोन्हीकडे डेला साठते आणि रोप ठेंगणे राहते. बीजिंगचे श्यांगतोंग फू आणि ऑक्सफर्डचे निकोलस हार्बर्ड यांच्या गटाने २०१८ साली दाखवले की हे डेला उंची रोखून थांबत नाही. जीआरएफ-४ हे दुसरे प्रथिन मुळांना नत्र उचलायला आणि ते पचवायला लावते, आणि डेला त्यालाही दाबून टाकते. म्हणजे बुटके वाण नत्र ओढण्यात मुळातच मंद झाले, आणि ती मंदी भरून काढायला आपण गोणीवर गोणी ओतत राहिलो. हरितक्रांतीचे पीक जास्त खत मागते ते केवळ जास्त दाणे देते म्हणून नाही, हे मला या संशोधनातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य वाटते.

यावरचा उपायही त्याच शोधनिबंधात आहे. जीआरएफ-४ जास्त प्रमाणात तयार होईल असा त्या जनुकाचा एक नैसर्गिक प्रकार भातात सापडला. तो बुटक्या वाणात आणला की रोप ठेंगणेच राहते, लोळत नाही, पण नत्र जास्त उचलते. त्याच गटाने २०२० साली एनजीआर-५ या जनुकाबद्दल असेच काम प्रसिद्ध केले. नत्र मिळाले की किती फुटवे काढायचे, हे ते जनुक ठरवते.

चीनमधूनच आणखी दोन शोध आले. आपल्याकडचा इंडिका भात आणि जपान-कोरियाकडचा जॅपोनिका यांच्यात नायट्रेट उचलण्याची क्षमता वेगळी आहे. २०१५ साली चू छंगत्साय यांच्या गटाने या फरकाचे मोठे कारण एनआरटी-१.१बी या एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात शोधले. इंडिकाकडचा प्रकार सरस आहे. पुढे २०१९ साली असेही दिसले की हे जनुक मुळाभोवती कोणते जिवाणू जमतात यावरही प्रभाव टाकते, आणि इंडिकाच्या मुळांभोवती नत्राचे रूपांतर करणारे जिवाणू जास्त असतात. २०२१ साली त्याच गटाने जगभरातल्या ११० जुन्या भातांची तुलना केली. टीसीपी-१९ नावाच्या जनुकाजवळच्या २९ अक्षरांच्या एका तुकड्यावरून, नत्र मिळाल्यावर भात किती फुटवे काढतो ते ठरते. त्याचा काटकसरी प्रकार रानभातात सर्रास आढळतो. ज्या प्रदेशांत जमिनीत नत्र कमी, तिथल्या जुन्या भातांतही तो टिकून आहे. जिथे खत मुबलक झाले, तिथल्या आधुनिक वाणांतून तो निघून गेला. स्फुरदाबाबत कासलाथने जे दाखवले, तेच नत्राबाबत इथे पुन्हा दिसले.

आतापर्यंतचे सगळे प्रयत्न पिकाने जास्त उचलावे या दिशेचे. दुसरी दिशा आहे ती खत शेतातून पळूच नये याची, आणि तिथे आपल्या ज्वारीचा थेट संबंध येतो.

युरिया जमिनीत पडला की त्याचे अमोनियम होते. अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे ते मातीला धरून राहते. पण मातीतले काही जिवाणू आणि त्यांचे दूरचे भाऊबंद काही दिवसांतच त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो. ते मातीला चिकटत नाही, पावसाबरोबर खाली जाते, आणि पाणी साचले की त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हे नत्रीकरण थोडे मंदावले तरी पिकाला नत्र उचलायला अवधी मिळतो. युरियावर निंबोळी तेलाचा थर देण्यामागे हाच विचार आहे. २०१५ पासून भारतात शेतीसाठीचा जवळजवळ सगळा युरिया तसाच विकला जातो.

पण काही वनस्पती हे काम स्वतःच करतात. जपानच्या त्सुकुबा इथल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रात, म्हणजे जिरकासमध्ये, मूळचे भारतीय असलेले गुंटूर सुब्बाराव यांनी आपले बरेच आयुष्य या विषयाला दिले. दक्षिण अमेरिकेच्या कुरणांत वाढणाऱ्या ब्रॅकिएरिया गवताची मुळे एक द्रव्य सोडतात आणि ते जिवाणूंचे नत्रीकरण थांबवते. २००९ साली त्यांच्या गटाने ते द्रव्य वेगळे केले आणि त्याला ब्रॅकिअलॅक्टोन नाव दिले. ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचे तेलकट द्रव्य झिरपते. ज्वारीच्या शेतात तण कमी वाढते त्यामागे त्याचा हात असल्याचे आधीपासून माहीत होते. तेच द्रव्य नत्रीकरणही रोखते, हे जिरकास आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट यांच्या कामातून पुढे आले. ज्वारीच्या वेगवेगळ्या वाणांत ते कमीजास्त असते, म्हणजे निवड करून ते वाढवता येण्याजोगे आहे. मालदांडीवर पिढ्या काढलेल्या सोलापूर-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने आपल्या पिकाच्या मुळांना असा गुण आहे हे ऐकावे आणि त्याचे मोल जाणावे, असे मला मनापासून वाटते. भरड धान्य म्हणून ज्याला आपण हळूहळू ताटातून आणि शेतातून बाजूला सारले, त्या पिकाकडे गव्हापाशी नसलेली विद्या आहे.

गव्हाला ती विद्या कुठून मिळावी? सुब्बाराव यांच्या गटाने गव्हाच्या रानटी नातलगांत शोध घेतला. युरेशियातल्या वाळूच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या लायमस रेसिमोसस या गवतात हा गुण जोरकस निघाला. नापीक वाळूत जगणाऱ्या गवताला मिळालेले थोडे नत्र जपून वापरण्याचे कौशल्य असावे, यात आश्चर्य नाही. त्या गवताच्या एका गुणसूत्राची बाही 'मुनाल' नावाच्या गव्हात उतरवली. मेक्सिकोची गहू-मका संशोधन संस्था सिमिट आणि स्पेनमधले बास्क विद्यापीठ त्यात सहभागी होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गव्हाखालच्या मातीत नत्रीकरण सुमारे ३० टक्क्यांनी आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. उत्पन्न घटले नाही. इथेही जनुक प्रयोगशाळेत घडवलेले नाही, दूरच्या नातलगाशी संकर करून आणलेले आहे. सिंधू-गंगेच्या मैदानासाठी असे गहू तयार करण्याचा भारत-जपान संयुक्त प्रकल्प आता चालू आहे. पंजाब-हरियाणातला युरियाचा वापर पाहता त्याची जागा योग्य आहे.

तिसरी दिशा सगळ्यात जुन्या स्वप्नाची. भुईमूग उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठीत रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र पिकाला खाण्याजोगे करून देतात आणि बदल्यात साखर घेतात. तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला का, ते यातूनच कळते. मग ज्वारी-बाजरी-गव्हाला अशा गाठी का येऊ नयेत?

या प्रश्नाचे एक उत्तर मेक्सिकोच्या वाहाका राज्यात, तोतोंतेपेक या डोंगरी गावाच्या शेतात उभे होते. तिथले मिहे समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या एक मका लावतात. तो पाच मीटरपर्यंत उंच जातो आणि तयार व्हायला जवळजवळ आठ महिने घेतो. त्याच्या खोडावर जमिनीच्या बऱ्याच वरपर्यंत हवेतली मुळे फुटतात. साध्या मक्याला अशी मुळे एक-दोन पेरांवर येतात, या मक्याला आठ-दहा पेरांवर. पाऊस पडला की त्या मुळांतून घट्ट, साखरयुक्त चीक थेंब-थेंब गळतो. संशोधक हॉवर्ड-याना शपिरो यांनी हा मका १९८० च्या दशकात पाहिला होता. खत फारसे न घालता हलक्या जमिनीत एवढा मका कसा उभा राहतो, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला. पुढे कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या ॲलन बेनेट यांच्या आणि विस्कॉन्सिनच्या जाँ-मिशेल आने यांच्या गटाने त्याचा सविस्तर अभ्यास केला. चिकात नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात. घट्ट चिकात प्राणवायू कमी पोचतो, आणि नत्र स्थिर करणाऱ्या विकराला प्राणवायू अजिबात चालत नाही. २०१८ साली जाहीर झालेल्या मोजमापांत या मक्याचे २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून आलेले होते.

हे लोकांच्या शेतातले ज्ञान आहे, आणि त्याबाबत चांगली गोष्ट अशी की संशोधकांनी तोतोंतेपेकच्या लोकांशी लाभाच्या वाटणीचा करार केला. जनुक कोणाच्या शेतातून आले हे विसरायचे नाही, हा पायंडा कासलाथसारख्या भाताबाबतही पडला असता तर किती बरे झाले असते. आपल्याकडे २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आणि २००२ चा जैवविविधता कायदा आहेत. देशी वाण जपणाऱ्यांना त्यातून खरा मोबदला मिळतो का, यावर शेतकरी संघटनांनी अधिक जोर धरायला हवा.

हा मका थेट आपल्या शेतात आणून लावता येणार नाही. आठ महिन्यांचे पीक आपल्या हंगामात बसत नाही. मात्र जास्त पेरांवर मुळे फुटण्याचा आणि चीक गळण्याचा गुण लवकर येणाऱ्या मक्यात आणायचे काम चालू आहे. धान्यपिकाला खऱ्या गाठी आणण्याचा प्रयत्न त्याहून अवघड आहे. जाइल्स ओल्ड्रॉइड यांच्या गटाने २०१२ साली इंग्लंडमध्ये गेट्स फाउंडेशनच्या मदतीने त्याला हात घातला. धान्यपिकांची मुळे एका जातीच्या उपयोगी बुरशीशी आधीच मैत्री करतात, आणि त्या मैत्रीचा रासायनिक निरोप द्विदल पिकांच्या रायझोबियमच्या निरोपाशी बराच मिळताजुळता आहे, हा त्यांचा आधार. नत्र स्थिर करणारे विकर थेट वनस्पतीच्या पेशीत बसवण्याचाही ध्यास काहींनी घेतला आहे. २०२४ साली एका सागरी शैवालाच्या पेशीत कधीकाळी शिरलेला जिवाणू आता त्या पेशीचाच अवयव झाल्याचे कळले. त्या 'नायट्रोप्लास्ट'मुळे निसर्गाने हे एकदा तरी साधले आहे हे सिद्ध झाले. पण शेतकऱ्याच्या हाती असे गव्हाचे बी येण्याची वाट पाहून आज खताचे धोरण ठरवणे चुकीचे होईल.

अपयशाचाही एक धडा इथे नोंदवायला हवा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे ॲलन गुड यांनी बार्लीतले ॲलॅनिन ॲमिनोट्रान्सफरेज हे जनुक मोहरीच्या जातीच्या कॅनोला पिकाच्या मुळांत कार्यरत केले. शोध चालू होता दुष्काळ सोसण्याचा, पण लक्षात आले की हे कॅनोला कमी नत्रावर तेवढेच पिकते. २००७ साली त्यांनी सुमारे ४० टक्के कमी नत्रात बरोबरीचे उत्पन्न दाखवले. गाजावाजा झाला, एका कंपनीने हक्क घेतले, भात आणि गव्हातही प्रयोग झाले. पण जागा बदलली, जमीन बदलली की परिणामही बदलायचे. एका जनुकाने सगळ्या शेतांत सगळ्या वर्षी खत वाचेल ही अपेक्षा तिथे फोल ठरली. मुळाची रचना, पाण्याची उपलब्धता, मातीचा सामू, जिवाणू, सगळे मिळून नत्राचा हिशेब ठरतो.

आणखी एक धोका सरळ सांगितला पाहिजे. स्फुरद जास्त उचलणारा वाण मातीत नवे स्फुरद तयार करत नाही, आहे ते काढतो. दाण्यातून ते शेताबाहेर जाते. ज्या जमिनीत वर्षानुवर्षांचे साठलेले स्फुरद आहे तिथे हा वाण वरदान आहे. जिथे मुळातच काही नाही, तिथे तो राहिलेलेही उचलून नेईल, आणि दहा-वीस वर्षांनी जमीन आजच्याहून गरीब होईल. म्हणून असा वाण घेतला तरी शेणखत, पीक-अवशेष, द्विदल पिकाची फेरपालट सोडता येत नाही. तसेच कमी नत्रावर दाणा तेवढाच भरला पण त्यातले प्रथिन घटले, तर ज्या घरात भाकरी किंवा चपाती हेच प्रथिनाचे मुख्य साधन आहे तिथे तो तोटाच आहे. वाण निवडताना दाण्याचे वजन आणि दाण्यातले प्रथिन दोन्ही पाहावेच लागेल.

कायद्याची वाट आता पूर्वीपेक्षा मोकळी आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने बाहेरचे जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाला जनुकबदलित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये देशातले पहिले दोन जनुक-संपादित भात जाहीर झाले. सांबा मसुरीपासून केलेला 'कमला' जास्त दाण्यांसाठी आहे, 'पुसा डीएसटी राइस-१' दुष्काळ आणि क्षार सोसण्यासाठी. दोन्ही खताच्या काटकसरीसाठी केलेले नाहीत. पण टीसीपी-१९ किंवा जीआरएफ-४ यांच्या बाबतीत हवे असलेले बदल थोड्याच अक्षरांचे आहेत, आणि तसे बदल करायला हीच साधने पुरेशी आहेत.

पण साधनांपेक्षा मला निवडीची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. कोकणातल्या वरकस जमिनीत खताशिवाय पिढ्या काढलेली नाचणी आणि वरी, सह्याद्रीच्या उतारावरचे जुने भात, मराठवाड्यातल्या गावरान ज्वारी यांची तपासणी या नजरेने व्हायला हवी. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांनी जे बियाणे घरात जपले, त्याकडे केवळ चवीसाठी किंवा आठवणीसाठी पाहणे पुरेसे नाही. त्यांतले कोणते वाण उपाशी जमिनीतही मूळ धरतात, हे मोजले पाहिजे, आणि ते मोजण्यासाठी प्रयोगक्षेत्रावर मुद्दाम खत न टाकलेले वाफे राखले पाहिजेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी नवा वाण प्रसारित करताना शिफारशीत खतमात्रेवरच्या उत्पन्नाबरोबर निम्म्या मात्रेवरचे उत्पन्नही छापावे. आणि शेतकऱ्यांनी बियाणे घेताना दुकानदाराला, कृषी सहायकाला, विद्यापीठाच्या मेळाव्यातल्या शास्त्रज्ञाला हा प्रश्न विचारावा: अर्ध्या खतावर हा वाण किती देतो? उत्तर नसेल, तर पुढच्या हंगामात पुन्हा विचारावा.